२,४०० चे ३,००० झाले, तर वाढ किती?

स. न. वि. वि.

मी पंचवटीत अमृतधामच्या बाजूला राहते आणि घरून डबे देते. बाहेरगावहून शिकायला आलेली २२ मुलं आहेत, दोन वेळचा डबा. महिन्याचे २,४०० रुपये घेत होते. जुलैत मुलं नव्याने लागली तेव्हा मीच बोलून गेले, की वर्षाच्या मध्येच दर वाढवायची वेळ आली तर २० टक्क्यांच्या वर जाणार नाही. दिवाळीनंतर किराणा, भाजी, गॅस सगळंच चढलं, म्हणून जानेवारीपासून ३,००० केले. हा आकडा माझ्या मिस्टरांनी काढून दिला. ते भांडी बाजारात एका दुकानात हिशेब बघतात. त्यांच्या मते ही बरोबर २० टक्के वाढ आहे. मुलं म्हणतात, काकू, ही २५ टक्के झाली. त्यातला एक तर म्हणाला, "चढवलेले २५ टक्के उतरवा, म्हणजे मिटलं." मला तेही पटेना.

मी स्वतः खर्च मांडला. एका डब्यामागे महिन्याला किराणा ९०० चा १,०८० झाला, भाजी-दूध-दही ५०० चं ६५०, गॅस २०० चा २२०, पोळ्यांच्या बाईंचे ४०० चे ४४०. म्हणजे २०, ३०, १० आणि १० टक्के. सरासरी साडेसतरा. मग मी २० लावले तर काय बिघडलं? माझे दीर पोस्टात आहेत. ते म्हणतात टक्क्यांचं काही खरं नसतं, महागाई भत्ता ३ टक्के वाढला तेव्हा त्यांचा पगार काही ३ टक्के वाढला नव्हता.

आणखी एक. आमच्या घराचं भाडं ८,००० होतं, दर वर्षी १० टक्के वाढ असं ठरलेलं. मालक पुण्याला असतात, मध्ये त्यांनी काही मागितलं नाही. आता तीन वर्षांची वाढ धरून १०,६४८ मागतात. मी १०,४०० धरले होते. यात कोण चुकतंय?

मुलांसमोर खोटं पडायची वेळ येऊ नये, एवढंच.

– पंचवटीतली एक डबेवाली

ताई, नमस्कार.

निकाल आधी सांगते, मग कारणं. मुलांचं बरोबर आहे. २,४०० चे ३,००० म्हणजे २५ टक्के वाढ. तुमच्या मिस्टरांची आकडेमोडही चुकलेली नाही, पण त्यांनी जे काढलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचा साडेसतराचा हिशेब मात्र चुकला आहे, आणि गंमत म्हणजे तो तुमच्याच तोट्याचा चुकला आहे. त्यावर येतेच.

वाढ किती रुपयांची, याबद्दल तुमच्या घरात दुमत नाही. ६०० रुपये. भांडण लागलंय ते हे ६०० कशाच्या मानाने मोजायचे यावर. मुलांनी ६०० ला २,४०० ने भागलं, ०.२५ आले. मिस्टरांनी ६०० ला ३,००० ने भागलं, ०.२० आले. शंभराने गुणलं की एकाचे २५, दुसऱ्याचे २०. टक्क्यांवरून दोन शहाणी माणसं भांडताना दिसली, की वरच्या आकड्याकडे बघूच नये, खाली कोणी काय धरलंय ते विचारावं. दहापैकी नऊ भांडणं तिथेच मिटतात.

आता खाली काय धरायचं? वाढ मोजायची असेल तर जुना आकडा, म्हणजे जिथून निघालो तो. ३,००० हा आकडा वाढ झाल्यावर जन्माला आला, त्यात वाढीचे ६०० आधीच बसलेले आहेत. वाढीची मोजपट्टी वाढ मिसळूनच बनवली तर वाढ नेहमी लहानच दिसणार. मुलाच्या बाजूने बघा. डिसेंबरात त्याच्या घरून डब्यासाठी २,४०० यायचे. त्याच्या आईवडिलांना कळायला हवं ते एवढंच, की त्या २,४०० च्या मानाने आता किती जादा पाठवायचे. चौथा हिस्सा जादा. झाले २५ टक्के.

हा काही माझा किंवा मुलांचा नियम नाही. सरकार जनगणनेत हेच करतं. आपल्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ४९,९३,७९६ होती आणि २०११ च्या जनगणनेत ६१,०७,१८७. दहा वर्षांत ११,१३,३९१ माणसं वाढली. जनगणनेच्या तक्त्यात जिल्ह्याची दशवार्षिक वाढ २२.३० टक्के छापली आहे. मिस्टरांना म्हणावं, ११,१३,३९१ ला दोन्ही आकड्यांनी भागून बघा. २००१ च्या आकड्याने भागलं तर २२.३० येतात, २०११ च्या आकड्याने भागलं तर १८.२३. छापलेत कोणते, ते समोर आहे.

पण मिस्टरांवर फार उखडू नका. भांडी बाजारात बसणाऱ्या माणसाच्या हाताला ही सवयच असते आणि त्या जागी ती चोख असते. समजा एक पातेलं दुकानात ८०० ला आलं आणि १,००० ला गेलं. सुटले २००. खरेदीच्या मानाने हे २५ टक्के, विक्रीच्या मानाने २०. दुकानदार विक्रीवरचे २० धरतो, कारण संध्याकाळी त्याच्यासमोर गल्ला असतो आणि गल्ला हा विक्रीचा आकडा. दिवसाला ५०,००० चा गल्ला झाला आणि मार्जिन विक्रीवर २० टक्के आहे हे ठाऊक असलं, की १०,००० सुटले हे उभ्याउभ्या कळतं. खरेदीच्या पावत्या उपसाव्या लागत नाहीत. आणि विक्रीवर २० टक्के सुटायला हवे असतील तर किंमत कशी काढायची? खरेदीला ०.८ ने भागायचं. ८०० भागिले ०.८, झाले १,०००.

तुमच्या ३,००० चा उगम हाच. २,४०० भागिले ०.८, झाले ३,०००. त्यांनी तुमच्या जुन्या दराला खरेदी समजून त्यावर दुकानाची रीत चालवली. दुकानात ती शंभर टक्के बरोबर ठरली असती. पण तुम्ही मुलांना शब्द दिला होता तो दरवाढीचा, मार्जिनचा नव्हे. २,४०० वर २० टक्के म्हणजे ४८०, आणि दर होतो २,८८०. तुम्ही शब्दाच्या १२० रुपये पुढे गेलात.

आता तो पठ्ठ्या, "चढवलेले २५ टक्के उतरवा" म्हणणारा. त्याच्यावर लक्ष ठेवा, हा पुढे कुठल्या तरी कंपनीच्या खरेदी खात्यात बसणार. ३,००० चे २५ टक्के म्हणजे ७५०. ते उतरवले की दर २,२५० होतो, जुन्या दराहून १५० ने स्वस्त! चढताना २५ टक्के २,४०० चे होते, उतरताना ३,००० चे. टक्का तोच, पण खालचा आकडा मोठा झाल्यामुळे त्याच टक्क्यात जास्त रुपये मावतात. ३,००० वरून नेमकं २,४०० वर यायचं तर २० टक्केच उतरावे लागतात. मिस्टरांचे २० टक्के शेवटी या प्रश्नाचं उत्तर आहेत, वरून खाली यायला किती लागतील या. तेव्हा जेवताना त्यांना सांगा, तुमचं उत्तर बरोबर होतं, प्रश्नच वेगळा होता. वाद मिटवायला हे वाक्य पुरतं, आणि ते खरंही आहे.

हाच घोळ बिलात होतो, म्हणून जाता जाता. १८ टक्के जीएसटी धरून एखादं बिल १,१८० झालं असेल आणि मूळ किंमत काढायची असेल, तर कित्येक जण १,१८० चे १८ टक्के वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे काढून बसतात. मूळ किंमत १,००० आहे. १,१८० ला १.१८ ने भागायचं, वजाबाकी करायचीच नाही.

आता तुमचा साडेसतरा. चार खर्चांची टक्केवारी तुम्ही अगदी बरोबर काढलीत. किराणा २०, भाजी ३०, गॅस १०, पोळ्या १०. मग चारींची बेरीज ७०, भागिले ४, साडेसतरा. इथे पाय घसरला. चारही खर्चांना तुम्ही सारखाच मान दिलात, आणि ते सारखे नाहीत. गॅस २०० चा, किराणा ९०० चा. गॅस १० टक्के चढला तर २० रुपये जातात, किराणा १० टक्के चढला तर ९० जातात. दोघांना एकाच पंगतीला बसवून सरासरी काढली की लहान खर्च मोठ्याला खाली ओढतो.

रुपयांची बेरीज आधी करा, टक्का सगळ्यात शेवटी काढा. जुना खर्च ९०० आणि ५०० आणि २०० आणि ४००, एकूण २,०००. नवा खर्च १,०८० आणि ६५० आणि २२० आणि ४४०, एकूण २,३९०. वाढले ३९०. ते २,००० च्या मानाने साडेएकोणीस टक्के. म्हणजे तुमचा खर्च तुम्ही समजत होतात त्याहून दोन टक्क्यांनी जास्त चढला आहे. मुलांना हिशेब दाखवायचा झाला तर साडेसतरा सांगून तुम्ही स्वतःचंच नुकसान करून घेतलं असतंत.

सरकार महागाईचा दर काढतं तेव्हाही हीच काळजी घेतं. कुटुंबाच्या खर्चात ज्या वस्तूचा वाटा मोठा, तिला निर्देशांकात वजन मोठं. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या किरकोळ किमतींच्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या गटाला १०० पैकी ४५.८६ वजन होतं. तुमच्या डब्यात एकट्या किराण्याचं वजन १०० पैकी ४५ निघतं. भाजीचं २५, पोळ्यांचं २०, गॅसचं १०. या वजनांनी तुमच्या चारी खर्चांची टक्केवारी गुणून बेरीज केलीत तरी उत्तर साडेएकोणीसच येईल. एकदा वहीत करून बघा, बरं वाटेल.

आणि वही उघडलीच आहे तर एक सांगते. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून भाजी आणता की दारावरची घेता, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पण चारी खर्चांत सगळ्यात जोरात भाजीच पळालीय, ३० टक्के. किराण्याचे १८० आणि भाजीचे १५०, दोन्ही मिळून ३९० पैकी ३३० होतात. खर्चाला हात घालायचा तर या दोन ठिकाणी घाला. गॅस वाचवायला वरण कमी शिजवू नका, त्याने २० रुपयेसुद्धा वाचणार नाहीत आणि मुलांना कच्चं वरण मिळेल.

तुमच्या दिरांचा मुद्दा खरा आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जुलै २०२४ पासून ५० टक्क्यांवरून ५३ टक्के झाला. बातमी आली, भत्ता ३ टक्क्यांनी वाढला. हे ३ टक्के मूळ वेतनाचे. ज्याचं मूळ वेतन ५०,००० त्याला आधी २५,००० भत्ता, मग २६,५००. मूळ आणि भत्ता मिळून ७५,००० चे ७६,५०० झाले. १,५०० ची वाढ, जुन्या ७५,००० च्या मानाने २ टक्के. आणि नुसत्या भत्त्याच्या मानाने बघाल तर २५,००० वर १,५०० म्हणजे ६ टक्के. दीड हजार रुपये तेच, आणि त्याचे २ टक्के, ३ टक्के, ६ टक्के असे तीन आकडे, तिन्ही खरे. दिरांना तीनच्या जागी दोन दिसले म्हणून टक्क्यांवरचा विश्वास उडाला. पण तीन कशाचे आणि दोन कशाचे हे विचारलं असतं तर उडायचं कारण नव्हतं. रेपो दराचंही, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते त्या दराचंही, तसंच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने तो ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. बँकवाले याला अडीच टक्क्यांची वाढ म्हणतात, आणि जुन्या ४ च्या मानाने मोजाल तर ती साडेबासष्ट टक्के भरते. जो आकडा स्वतःच टक्क्यांत आहे तो वाढला की दोनदा विचारायचं, एवढं लक्षात ठेवा.

आता खरा प्रश्न. दर किती ठेवायचा?

तुम्ही पत्रात कुठेही लिहिलं नाहीत, पण तुमच्याच आकड्यांत दिसतंय ते मांडते. आधी एका डब्यामागे खर्च २,००० आणि दर २,४००. उरत होते ४००. बावीस डब्यांचे ८,८००. पोळ्यांच्या बाईंना तुम्ही डब्यामागे ४०० देत होतात, म्हणजे त्यांचेही ८,८००. ताई, त्या पोळ्या लाटून घरी जात असतील. तुम्ही बाजार करता, भाजी निवडता, दोन वेळा रांधता, डबे भरता, घासता, पैसे मागता, कोणाला ताप आला तर मऊ भातही करून देता. आणि दोघींची कमाई पैशाला पैसा सारखी. तुम्ही ज्याला उरलेले पैसे म्हणता तो नफा नाहीच, ती तुमची मजुरी आहे, आणि तीही कमी.

दर ३,००० ठेवला तर उरतात ६१०. जुन्या ४०० च्या मानाने साडेबावन्न टक्के वाढ. डब्याचा दर २५ टक्के चढला आणि तुमच्या हातात पडणारे साडेबावन्न टक्के! हे एखाद्या मुलाने काढून दाखवलं तर तुम्हाला क्षणभर उत्तर सुचणार नाही, म्हणून आधीच सांगते. २,८८० ठेवला तर उरतात ४९०, म्हणजे साडेबावीस टक्के वाढ, महिन्याचे १०,७८०. आणि नुसता वाढलेला खर्च तेवढा मुलांवर टाकायचा, स्वतःसाठी एक रुपयाही वाढवायचा नाही असं म्हणालात, तर दर २,७९० होतो. तसं करू नका. तुमच्या स्वतःच्या घरातही तेल-डाळ त्याच भावाने येते.

माझं मत विचाराल तर ६१० सुद्धा तुमच्या कामाला जास्त नाहीत. पण ते या वर्षी, या मार्गाने नको. शब्द २० टक्क्यांचा दिलात, मुलांनी तो लक्षात ठेवलाय, आणि बरोबर मोजलाय. तेव्हा या वर्षापुरता २,८८०. जानेवारीत जादा घेतलेले १२० पुढच्या महिन्यात वळते करा. बावीस मुलांचे मिळून २,६४० जातील. जाऊ द्या. पुढच्या जुलैला नवी मुलं येतील ती यांच्याच तोंडून तुमचं नाव ऐकून येतील.

पुढच्या वर्षीचा दर मात्र आत्ताच सांगून टाका, आणि टक्क्यांत सांगू नका. रुपयांत सांगा. टक्क्याला खालचा आकडा लागतो आणि तो प्रत्येक जण आपापल्या सोयीचा धरतो. ३,१०० म्हटलं की ३,१००. मुलांच्या ग्रुपवर साधारण असं टाका:

"मुलांनो, जानेवारीत डब्याचे ३,००० घेतले. जुलैत मी २० टक्क्यांचं बोलले होते, त्या हिशेबाने दर २,८८० होतो. जादा घेतलेले १२० वळते करून फेब्रुवारीचे २,७६० द्या. मार्चपासून २,८८०. येत्या जुलैपासून दर ३,१०० राहील, आत्ताच सांगून ठेवते, घरी कळवून ठेवा. – काकू"

माफी वगैरे मागत बसू नका, खुलाशाचे चार परिच्छेदही नकोत. खर्चाचा तक्ता कोणी मागितला तरच दाखवा. आणि जुलैत कोणी विचारलं की २,८८० चे ३,१०० म्हणजे किती टक्के, तर २२० भागिले २,८८०, साडेसात टक्क्यांच्या जरा वर. त्यांनी २,४०० पासून मोजलं तर २९ टक्क्यांच्या वर जाईल. दोन्ही खरे. पहिला सहा महिन्यांचा, दुसरा वर्षाचा. "कधीपासून मोजतोस" एवढं विचारा.

हे सगळं मोबाईलवर करायची सोपी रीत आहे, वजाबाकीही लागत नाही. नवा आकडा भागिले जुना आकडा. ३,००० भागिले २,४००, आले १.२५. एकच्या वर जे पंचवीस शतांश दिसतात ती २५ टक्के वाढ. १.२० आले तर २०. ०.८० आले तर एकाला २० शतांश कमी पडले, म्हणजे २० टक्के घट. कॅल्क्युलेटरवरचं टक्क्याचं बटण वापरू नका, ते प्रत्येक फोनवर सारखं वागत नाही. आणि उत्तर २ आलं तर ती १०० टक्के वाढ, ३ आलं तर २००.

हा शेवटचा मुद्दा आपल्या नाशिककडे फार चुकतो, म्हणून जरा थांबते. समजा लासलगावला कांदा क्विंटलला १,००० होता तो ३,००० झाला. तिप्पट झाला. लगेच कोणीतरी म्हणतं, कांदा ३०० टक्के वाढला. वाढले २,०००, जुन्या १,००० च्या मानाने २०० टक्के. तोच कांदा ३,००० वरून परत १,००० वर आला तर घट पण २,००० चीच, पण आता खाली ३,००० आहेत, म्हणून ६६.६७ टक्के. भाव जिथून निघाला तिथेच परत आला, आणि सांगताना मात्र चढ २०० टक्क्यांचा, उतार ६७ चा. नुसते टक्के ऐकणाऱ्या मुंबईच्या माणसाला वाटतं शेतकरी अजून फायद्यातच आहे. भावाच्या चर्चेत टक्क्यांबरोबर क्विंटलचा आकडा सांगितलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आणि कांदा १५० टक्क्यांनी कोसळला असं कुठे ऐकलंत तर खुशाल हसा. १०० टक्के कोसळला की भाव शून्य. त्याखाली गेला तर शेतकऱ्याने कांदा देऊन वर पैसे मोजायचे. हमाली आणि गाडीभाडं धरलं तर तसंही कधीकधी होतं, पण ते भावाच्या टक्केवारीत धरत नाहीत.

राहिलं भाडं. मालकांचे १०,६४८ कसे आले ते आधी बघा. ८,००० वर १० टक्के, ८,८००. पुढच्या वर्षीचे १० टक्के या ८,८०० वर, ९,६८०. तिसऱ्या वर्षीचे ९,६८० वर, १०,६४८. तुम्ही तिन्ही वर्षं मूळच्या ८,००० वरच १० टक्के धरलेत, वर्षाला ८०० प्रमाणे २,४००, म्हणून १०,४००. त्यांची एकूण वाढ ३३.१ टक्के, तुमची ३०. इथेही टक्का एकच आहे आणि खालचा आकडा वेगळा. तो दर वर्षी बदलायचा की मूळचाच ठेवायचा, हे गणित ठरवत नाही. ते तुमच्या दोघांत काय ठरलं त्यावर आहे.

नुसतं "दर वर्षी १० टक्के वाढ" असं बोलणं झालं असेल, तर भाड्याच्या व्यवहारात बहुतेक ठिकाणी चालू भाड्यावर वाढ धरतात, म्हणजे मालकांचा अर्थ रूढीला धरून आहे. "मूळ भाड्यावर" असं कुठे लिहिलेलं असेल तर तुमचा बरोबर. फरक महिन्याला २४८ चा आहे, अकरा महिन्यांच्या करारात २,७२८.

पण तुमच्या पत्रातलं दुसरंच एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मध्ये त्यांनी काही मागितलं नाही. मग त्या वर्षांत अकरा-अकरा महिन्यांचे करार नव्याने झाले का? झाले असतील तर त्यांत भाडं किती लिहिलंय? नवा करार ८,००० चाच करून त्यावर मालकांनी सही केली असेल, तर त्या वर्षाची वाढ त्यांनी सोडून दिली असं म्हणायला तुमच्याकडे जागा आहे, आणि आताची १० टक्के वाढ ८,००० वरच बसते. मालकांना फोन लावण्याआधी ते कागद काढून भाड्याची ओळ बघा. शेवटच्या करारात ८,००० असतील तर बोलणी ८,८०० पासून सुरू करा, आणि हो-नाही करता करता कुठे थांबायचं तो आकडा आधी मिस्टरांशी ठरवून ठेवा. घासाघिशीत त्यांचा हात कोणी धरणार नाही, भांडी बाजारातला माणूस आहे.